सातारा-सांगलीच्या मुलांसाठी बारावीचा इतिहास : जूनपासून पेपरपर्यंत

"मॅडम, सनावळ्या पाठच होत नाहीत." जुलै संपता संपता कला शाखेच्या वर्गात ही तक्रार येतेच. तेव्हा मी मुलांना घरातल्या सनावळ्या विचारते. आजोबांनी विहीर कधी पाडली, थोरल्या चुलत्यांचं लग्न कधी झालं, जुनं घर कधी पडलं? उत्तरं धडाधड येतात. विहीर बहात्तरच्या दुष्काळात पाडली, घर कोयनेच्या भूकंपात पडलं, लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. यातलं कुणीही सन पाठ केलेला नसतो. एक गोष्ट दुसरीच्या आधी झाली की नंतर, आणि कशामुळे झाली, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सन त्याच्याबरोबर आपोआप येतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझी बहुतेक मुलं एसटीचा पास काढून येतात, घरी जनावरांचं बघतात, आणि ऊसतोडीच्या दिवसांत त्यांचा अभ्यास मागे पडतो. त्यांच्यासाठी जी पद्धत बसवत गेले, ती इथे सविस्तर लिहिते आहे. मोठा इतिहास आपल्या तालुक्यातून गेलेला आहे. त्याला आधी तिथे गाठायचं, मग पुस्तकात ओळखायचं आणि मग स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचं, असा या पद्धतीचा क्रम आहे. तो उलटा केला की घोकंपट्टी सुरू होते.

पहिले पंधरा दिवस : नुसतं वाचा

पुस्तक हाती आलं की पेन बाजूला ठेवा. राज्य मंडळाच्या पुस्तकात बारा प्रकरणं आहेत. रोज एक याप्रमाणे ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचून काढा. कळलं नाही तरी थांबू नका. पुस्तक मिळायला उशीर झाला तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवून घेता येतं, त्यामुळे अडून राहायचं कारण नाही.

पहिल्या वाचनात फक्त पुस्तकाची चाल पकडायची. युरोपात विचार बदलतो, जहाजं बाहेर पडतात, वसाहती होतात. ती जहाजं भारतात येतात आणि त्यांची मराठ्यांशी गाठ पडते. मग भारतीय माणूस स्वतःच्या समाजाकडे नव्याने पाहू लागतो आणि परक्या सत्तेशी लढू लागतो. दोन महायुद्धांत ती सत्ता खिळखिळी होते, आशिया-आफ्रिकेतले देश मोकळे होतात, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचं शीतयुद्ध पेटतं, आणि शेवटी आपल्या आई-वडिलांच्या आठवणीतला भारत येतो. हे एवढं तुम्हाला पुस्तक मिटून, स्वयंपाक करणाऱ्या आईला पाच मिनिटांत सांगता आलं, की पहिलं वाचन झालं असं समजा.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि दोनच खुणा करा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, आणि जिथे मनात 'का?' उठेल तिथे समासात प्रश्नचिन्ह काढायचं. शब्दांसाठी वेगळी वही करा. वखार, दिवाणी, खालसा, तैनाती फौज, निर्वसाहतीकरण, अलिप्ततावाद, उदारीकरण हे शब्द तोंडावर फेकता येतात, पण अर्थ विचारला की मुलं गडबडतात. 'दिवाणी' म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार. १७६५ साली तो बंगाल, बिहार आणि ओरिसापुरता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. हा अर्थ कळला की एका व्यापारी कंपनीला राज्य कसं चालवता आलं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं. अडलेल्या शब्दासाठी मराठी विश्वकोश पाहायची सवय लावा. तो मोफत वाचता येतो आणि त्याचं काम आपल्या वाईतून चालत आलं आहे.

दिवाळीपर्यंत गाईड उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मनात प्रश्न नसताना वाचलेलं उत्तर टिकत नाही.

भिंतीवरचा कालपट

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजू एकमेकींना चिकटवून लांब पट्टी करा. दहा वर्षांना चार सेंटिमीटर जागा द्या. १४५० पासून २००० पर्यंतचा पट दोन मीटर वीस सेंटिमीटरमध्ये बसतो. त्यावर तीन आडवे पट्टे आखा : वर जग, मध्ये भारत, खाली सातारा-सांगली.

वरच्या पट्ट्यात १४५३ चा कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, १७७६ ची अमेरिकेची स्वातंत्र्याची घोषणा, १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती, १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ ही महायुद्धं, १९४९ ची नाटो, १९५५ ची बांडुंग परिषद, १९९१ चं सोव्हिएत संघाचं विघटन. मध्ये १४९८, १७५७, १७६४, १८१८, १८५७, १८८५, १९०५, १९२०, १९३०, १९४२, १९४७, १९७५, १९९१. ही वर्षं मी मुद्दाम नुसती दिली आहेत. प्रत्येकासमोर काय लिहायचं, ते तुम्ही पुस्तकातून शोधा. खालच्या पट्ट्यात १७०८ (शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक), १८३९, १८४८, १९१९, १९४३, १९४९, १९६०, १९६७ अशी सुरुवात करा, पुढची भर वर्षभर पडत राहील.

डावीकडचा भाग मोकळा दिसेल आणि १७५० नंतर गर्दी होईल. मुलं विचारतात, मॅडम, मोकळ्या भागाचं प्रमाण कमी करू का? करू नका. ही गर्दी डोळ्यांना दिसली पाहिजे.

पट तयार झाला की त्यावर उभी पट्टी ठेवा आणि एकेक वर्ष वरून खाली वाचा. या पद्धतीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. १८४८ घ्या. वर पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन इथे क्रांतीचे उठाव होत आहेत. मध्ये पुण्यात भिडे वाड्यात महात्मा फुले मुलींची शाळा काढत आहेत. खाली साताऱ्याचं राज्य खालसा होतं आहे, म्हणजे कंपनी ते आपल्या मुलखाला जोडून घेते आहे. त्या शाळेशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. पुस्तकात या गोष्टी तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात किंवा नसतातही. पटावर त्या एका रेषेत येतात. एक राज्य बुडत असताना त्याच मातीतली सतरा वर्षांची मुलगी मुलींच्या शिक्षणासाठी उभी राहते, हे एकदा दिसलं की १८४८ विसरणं अवघड आहे.

१९१९ असंच वाचा. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग, जूनमध्ये व्हर्सायचा तह, ऑक्टोबरमध्ये कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेची स्थापना करतात, आणि त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू होतं. १९४३ तुमचं तुम्ही करून पाहा.

प्रत्येक प्रकरणाला जवळची एक जागा

सुधारणा चळवळींच्या प्रकरणासाठी आपल्याकडे हवं तेवढं आहे. सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात, फुले घराण्याचं मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव टेंभू कराडजवळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले; तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पहिल्या महायुद्धासाठी साताऱ्याजवळचं अपशिंगे आहे, ज्याच्या नावामागे लोक 'मिलिटरी' लावतात. या गावातले जवान युरोपच्या लढाईत का गेले, हा प्रश्न घेऊन महायुद्धाचं प्रकरण वाचा. सविनय कायदेभंगासाठी शिराळा तालुक्यातलं बिळाशी आहे. तिथल्या लोकांनी १९३० साली जंगल सत्याग्रह केला. मीठ नसलेल्या डोंगराळ भागात कायदा मोडायचा तर कोणता मोडायचा, याचं उत्तर तिथे मिळतं. युरोपच्या प्रबोधनासाठी मात्र आपल्याकडे जागा नाही. ओढूनताणून जोडू नका, ते प्रकरण पुस्तकातूनच करा.

दोन विषयांवर मी जास्त वेळ घालवते, कारण त्यांतून अनेक प्रकरणं एकदम उलगडतात.

पहिला, साताऱ्याची गादी. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर ठेवलं. राज्य होतं, पण इंग्रजांच्या नजरेखाली. १८३९ मध्ये महाराजांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि कित्येक वर्षं तिथे खटपट करत राहिले. गादीवर आलेले धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराज, १८४८ मध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मान्य केला नाही आणि राज्य खालसा केलं. पुढे याच धोरणाने १८४९ मध्ये संबळपूर, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर गेलं. म्हणजे झाशीच्या राणीची गोष्ट सुरू होते ती साताऱ्यापासून. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून खाली शहर बघताना ही साखळी एकदा मनात म्हणा. १८५७ च्या कारणांमध्ये 'संस्थानांचे विलीनीकरण' हा मुद्दा तुम्ही पुन्हा कधी कोरडा लिहिणार नाही.

दुसरा विषय, संस्थानांचा गुंता. १९४७ साली तुमचं गाव कुणाच्या राज्यात होतं? हे मी पहिल्याच आठवड्यात विचारते, आणि वर्गात शांतता पसरते. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो, पण तेव्हा इथे ब्रिटिशांचा सातारा जिल्हा होता आणि त्याच्या अधेमध्ये औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं पसरलेली होती. एका गावच्या शिवारात इंग्रजांचा कायदा, ओढा ओलांडला की संस्थानिकाचा. औंध हे बहात्तर गावांचं लहान संस्थान होतं आणि त्याची गावंही विखुरलेली. आटपाडी औंधात, कुंडलही औंधात. आता प्रतिसरकारचा, म्हणजे १९४३ मध्ये नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिगतांनी उभारलेल्या पर्यायी शासनाचा, विचार करा. कुंडल परिसर भूमिगतांचा आधार का झाला? लोकांची साथ हे मोठं कारण आहेच, पण ब्रिटिश पोलिसांची हद्द जिथे संपते तिथे लपायला सोपं जातं हेही आहे. शिवाय औंधच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली होती, आणि त्यामागे महात्मा गांधींचं मार्गदर्शन होतं. त्यामुळे सगळे संस्थानिक स्वातंत्र्याच्या विरोधात होते, असं वाक्य तुम्ही लिहूच शकत नाही. १९४८ मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. हे समजलं की हैदराबाद, जुनागड आणि काश्मीरचे प्रश्न वेगळे का होते, हे तुलनेने कळतं.

जुने कागद किंवा लेख वाचताना एक सावधगिरी बाळगा. 'साताऱ्याचं प्रतिसरकार' म्हटलं की मुलं साताऱ्याकडे पाहतात, पण वाळवा, तासगाव, कुंडल हा सगळा मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधीच्या लिखाणात 'सातारा जिल्हा' म्हणजे हा मोठा जिल्हा.

महिन्यातून एखादा रविवार प्रत्यक्ष पाहण्यासाठी ठेवा. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय बसस्थानकाच्या जवळच आहे. औंधचं श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. वडूजला हुतात्मा स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. जाताना मोबाईलऐवजी वही काढा. एक वस्तू किंवा एक फलक निवडा आणि चारच गोष्टी लिहा : हे कुणी बनवलं, कधीचं आहे, कुणाला दाखवण्यासाठी आहे, आणि यात काय सांगितलेलं नाही. चौथा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी घाई करू नका.

कारण, निमित्त आणि परिणाम

'कारणांसह स्पष्ट करा' या प्रश्नात गुण जातात ते माहिती नसल्यामुळे नव्हे. मुलं निमित्तालाच कारण समजतात, तिथे घोटाळा होतो. वहीच्या पानावर तीन रकाने करा. सातारा खालसा होण्याचं निमित्त : वारस औरस नव्हता, दत्तक होता. कारण : कंपनीला मुलूख आणि महसूल वाढवायचा होता, मध्ये येणारी देशी राज्यं नको होती. परिणाम : संस्थानिकांचा विश्वास उडाला, दरबारावर पोट असणारे शिपाई, कारकून, कारागीर उघड्यावर आले, आणि पुढे इतर राज्यांवर तेच हत्यार चाललं. पहिल्या महायुद्धाचंही असंच करा. साराजेव्होतला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून निमित्ताच्या रकान्यात जाईल. वसाहतींची स्पर्धा, गुप्त करार आणि शस्त्रांची शर्यत कारणांच्या.

प्रत्येक प्रकरणातून असे चार प्रसंग काढा. बारा प्रकरणांचे अठ्ठेचाळीस होतात. माझ्या मते ही अठ्ठेचाळीस पानं कोणत्याही गाईडपेक्षा मोलाची आहेत, कारण पेपरात प्रश्न कसाही फिरवून आला तरी यातून उत्तर उभं करता येतं.

उत्तर लिहायला ऑगस्टपासूनच बसा

वाचलं की येतं असं वाटतं, आणि लिहायला बसलं की दोन ओळींत संपतं. म्हणून आठवड्याला किमान तीन उत्तरं हाताने लिहा. एका मुलीने प्रतिसरकारवर लिहिलेली टीप अशी होती :

'प्रतिसरकार ही खूप महत्त्वाची घटना होती. नाना पाटील हे थोर क्रांतिकारक होते. त्यांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. जनतेने त्यांना मोलाची साथ दिली. त्यांचे कार्य कधीही विसरता येणार नाही.'

यात चूक एकही नाही आणि माहितीही जवळजवळ नाही. ही वाक्यं नावं बदलून कुठल्याही क्रांतिकारकाला लागतील. मी तिला म्हटलं, जे वाक्य दुसऱ्यालाही चालेल ते खोड. चार वाक्यं गेली आणि पाचवंही अर्धं गेलं. तिने ती टीप पुन्हा लिहिली :

'१९४२ च्या चले जाव आंदोलनात प्रमुख नेते तुरुंगात गेल्यावर भूमिगत कार्यकर्त्यांनी लढा चालू ठेवला. सातारा जिल्ह्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. यातून १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याने सरकारी यंत्रणेवर हल्ले केले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटण्यात आली. त्याच वेळी गावोगावी लोकन्यायालये चालवली, दारूबंदी केली, कमी खर्चाचे विवाह लावले आणि संरक्षणासाठी तुफान सेना उभारली. लोक तक्रार घेऊन सरकारी कचेरीऐवजी प्रतिसरकारकडे जाऊ लागले. म्हणून याला केवळ उठाव न म्हणता पर्यायी शासनाचा प्रयोग म्हणता येते.'

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे, आणि ते वरच्या मजकुरातून निघालं आहे. निष्कर्ष असा यायला हवा.

'तुमचे मत नोंदवा' या प्रश्नाला मुलं घाबरतात. मत चुकेल याची भीती असते. मताला गुण नसतात, ते कशाच्या आधारावर उभं आहे त्याला असतात. सातारा खालसा करणं न्याय्य होतं का, असं विचारलं तर 'अन्याय होता' एवढं म्हणून पुरत नाही. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीही खालसा करण्याला विरोध केला होता, हे लिहिलंत तर तुमचं मत नुसत्या भावनेवर उरत नाही. खुद्द कंपनीच्या माणसांतही याबद्दल दुमत होतं, असा मुद्दा तयार होतो. आधी मत एका वाक्यात, मग दोन किंवा तीन आधार, आणि जमलं तर विरुद्ध बाजूचं म्हणणं एका ओळीत.

उत्तरपत्रिकेत भाषा लेखी प्रमाण मराठी ठेवा. या लेखात मी बोलते तशी नको. परकी नावं एकाच पद्धतीने लिहा. वर 'डलहौसी' आणि खाली 'डलहाउसी' असं झालं की तपासणारा अडखळतो. सनाची खात्री नसेल तर 'एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास' लिहा, चुकीचं वर्ष लिहू नका.

नकाशा

याला फार वेळ लागत नाही. कोऱ्या रेखानकाशाच्या दहा झेरॉक्स काढा. पहिल्यावर सुरत, गोवा, दीव, दमण, कोचीन, मद्रास, पाँडिचेरी, मछलीपट्टण, चंद्रनगर भरा. सगळी ठिकाणं समुद्राकाठी किंवा जहाज जाईल अशा नदीकाठी आहेत, हे लगेच दिसेल. माल जिथून जहाजात चढतो तिथेच वखार पडणार. दुसऱ्यावर प्लासी आणि बक्सार, तिसऱ्यावर १९४७ ची मोठी संस्थानं. शीतयुद्धासाठी जगाचा नकाशा घेऊन नाटो आणि वॉर्सा करारातले देश दोन रंगांत भरा. पेपरात नकाशा देऊन निरीक्षणावर प्रश्न विचारतात तेव्हा सूची आधी वाचा. घाईत ती सुटते आणि सोपे गुण जातात.

प्रकल्प : घरातल्या माणसाची मुलाखत

ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुणांचं अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी आहे. त्या वीस गुणांसाठी दुकानातून चित्रं आणून चिकटवलेला प्रकल्प दिला की मला वाईट वाटतं, कारण आपल्या घराघरांत जिवंत साधन बसलेलं असतं. आजी-आजोबांची मुलाखत घ्या. विषय एकच निवडा : १९७२ चा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, आणीबाणी, गावात आलेली पहिली वीज, पहिला टीव्ही.

प्रश्न आधी लिहून काढा, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणून संपतील असे विचारू नका. 'दुष्काळात त्रास झाला का?' याऐवजी 'त्या वर्षी घरात सकाळी काय शिजायचं?' विचारा. मग मिलोची ज्वारी निघते, सुकडी निघते, खडी फोडायला कोण गेलं होतं ते निघतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने रस्त्याच्या कामावर मिळालेल्या मजुरीतून घेतलेली पितळी घागर दाखवली. त्याने प्रकल्पात तिचं चित्र काढलं आणि खाली रोजगार हमी योजनेची माहिती लिहिली. पुस्तकातल्या 'बदलत्या भारता'चा त्याला पुन्हा वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

मुलाखतीची तारीख, सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय आणि गाव नोंदवा. सांगितलेलं सगळं खरं धरू नका. आठवणीत वर्षं सरकतात. एक गोष्ट दुसऱ्या माणसाकडून किंवा ग्रामपंचायतीच्या, वाचनालयाच्या कागदातून पडताळा आणि कशी पडताळली ते लिहा. हीच कसोटी मोबाईलवर येणाऱ्या इतिहासाच्या संदेशांना लावा. कुणी लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, हे ज्यात नाही ते उत्तरपत्रिकेत घेऊ नका, मग ते आपल्या लाडक्या राजाबद्दल असलं तरी.

दिवाळीपासून पेपरपर्यंत

दिवाळीच्या सुटीत तिसरं वाचन करा, आणि प्रत्येक प्रकरणाचं एक पान तयार करा. एकच, पाठपोट नको. डिसेंबरपासून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या; एक रविवार, एक पूर्ण पेपर, तीन तास घड्याळ लावून. गाईडही आता वापरा, पण आपलं उत्तर लिहून झाल्यावर, ताडून पाहायला. ऊसतोड, यात्रा, घरातली लग्नं हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत येतंच. म्हणून प्रवासातला वेळ धरून चाला. एसटीत लिहिता येत नाही, पण खिशात चिठ्ठ्या ठेवता येतात : एका बाजूला सन किंवा शब्द, दुसऱ्या बाजूला उत्तर. मैत्रिणीला विचारायला लावा. मोठ्याने बोललेलं जास्त राहतं.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. कालपट, बारा पानं, अठ्ठेचाळीस प्रसंग, एवढंच फिरवा.

पेपरात एका गुणाला दोन मिनिटं धरा. ऐंशी गुणांचे एकशेसाठ मिनिटं होतात आणि वीस हाताशी उरतात. म्हणजे पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला, मनात कितीही असलं तरी, पुढच्या प्रश्नाला जा आणि खाली चार ओळींची जागा सोडा. आवडत्या प्रश्नावर पंचवीस मिनिटं घालवून शेवटचा मोठा प्रश्न अर्धवट सोडणारी हुशार मुलं मी दरवर्षी पाहते. पर्यायी प्रश्नांत कोणते लिहायचे ते आधी ठरवून प्रश्नपत्रिकेवर लहान खूण करा. उरलेल्या वीस मिनिटांत आधी प्रश्नक्रमांक तपासा, मग सन आणि नावं, मग सोडलेल्या जागा भरा. उपप्रश्नाचं अक्षर चुकलं की बरोबर उत्तरही भलत्याच प्रश्नाखाली जातं.

घरी आल्यावर कालपट लगेच भिंतीवरून काढू नका. धाकटी भावंडं दहावीत असतील तर त्यांना तो लागेल, आणि खालच्या पट्ट्यात तुमच्या गावाची अजून बरीच भर पडायची राहिलेली असेल.